अनोळखी कानाची गरज

ऑनलाइन समुपदेशनाची तरफदारी करणारे बहुतेक लोक किलोमीटरपासून सुरुवात करतात. डॉक्टर शहरात, रुग्ण खेड्यात, मध्ये डोंगर-नद्या; म्हणून फोन. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. पेडणे तालुक्यातल्या पार्से गावाला मात्र तो लागू पडत नाही. सगळा गोवा मिळून 3,702 चौरस किलोमीटर. पार्सेतून चोपडेमार्गे शिवोलीचा पूल ओलांडला की म्हापसा, पुढे पर्वरी, मांडवीवरचे पूल आणि मग बांबोळी. तिथे गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मानसिक आजारांसाठीची राज्याची मोठी संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री अँड ह्यूमन बिहेवियर, तीही तिथेच आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी परत येऊ शकतो. अडचण इतकीच की तो कुठे गेला होता हे त्याच्या आधी घरी पोचलेले असते. बसमध्ये शेजारी बसलेली बाई आईची मैत्रीण असते, आरोग्य केंद्रात केसपेपर काढणारा शाळेतला सोबती असतो, फार्मसीवाल्याचा भाऊ आपल्याच वाड्यावर राहतो. अशा गावात अंतर कमी पडते, जास्त होत नाही. इथे दुर्मीळ असतो तो अनोळखी माणूस. ऑनलाइन समुपदेशनाचे मोल पार्सेपुरते तरी या एका गोष्टीवर ठरते, असे माझे म्हणणे आहे. आणि त्याच्या मर्यादाही तिथूनच कळतात.

या गरजेत नवे काही नाही. मनाचे दुखणे गावाबाहेर नेण्याच्या वाटा समाजाने फार पूर्वीपासून काढून ठेवल्या आहेत. बाधा उतरवणाऱ्या आपल्या गावच्या घाड्यापेक्षा दुसऱ्या गावच्या घाड्याकडे जाणे, ओळखपाळख नसलेल्या देवळात कौल लावणे, यामागे त्या घाड्याच्या किंवा देवाच्या कीर्तीइतकाच ‘इथे मला कोण ओळखतो’ हा हिशेब असतो. गोव्यातल्या चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, बसलेला ख्रिस्ती माणूस जाळीच्या पलीकडच्या पाद्रीशी बोलतो. ती जाळी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या नियमांनी रूढ झाली, आणि बोलणाऱ्याचा चेहरा झाकल्याने बोलणे सुटते हे तिथे शिकून घेण्यासारखे आहे. दुसरी वाट याच्या नेमकी उलट आहे. पेडण्याच्या पुनवेला बाधा झालेल्यांना भरगर्दीत आणण्याची परंपरा आहे. तिथे दुःख लपवायचे नसते, चव्हाट्यावर मांडायचे असते, आणि सगळा गाव त्याचा साक्षीदार होतो. या दोन्ही वाटांबद्दल वैज्ञानिक आक्षेप घेता येतील आणि घ्यावेतही. घाड्याकडे घालवलेले सहा महिने तीव्र नैराश्याच्या रुग्णाला महागात पडू शकतात. पण या वाटांमागची समज खोटी नाही: काही दुःखांना गाव लागतो आणि काही दुःखांना गावापासून सुटका लागते.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप गोव्यातूनच येतो. 1996 मध्ये इथे स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मानसोपचाराच्या जगात मोठी उलथापालथ केली, आणि ती केली जवळच्या माणसांच्या बळावर. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला ‘मानस’ हा प्रयोग 2010 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातले 24 दवाखाने, त्यांतले निम्मे सरकारी, निम्मे खासगी, 2,796 रुग्ण, आणि मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक. सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशकाची मदत मिळालेल्यांत 65.9 टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, कारण तिथे नेहमीचे उपचार मिळालेले रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले. हा दुसरा निकाल सहसा कुणी सांगत नाही. मला तोच जास्त बोलका वाटतो. खासगी डॉक्टर दर वेळी तोच असतो, तो नावाने हाक मारतो, घरच्यांची चौकशी करतो. सरकारी केंद्रात ज्या गोष्टीची वाण होती ती समुपदेशकाने भरून काढली. खासगी दवाखान्यात ती काही अंशी आधीच होती. हा माझा अर्थ आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण तो खरा असेल तर माझ्याच मुद्द्याला तो आव्हान देतो: माणूस बरा होतो तो जवळच्या, परत परत भेटणाऱ्या माणसामुळे, मग अनोळख्याची एवढी महती कशाला?

उत्तरासाठी त्या समुपदेशनाच्या आत डोकवावे लागते. ‘संगत’चा पुढचा कार्यक्रम तीव्र नैराश्यासाठी होता, आणि त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले 495 रुग्ण त्यात होते. निवडीसाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरली गेली: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप कशी होती, भूक कशी होती, स्वतःबद्दल वाईट वाटले का, जगू नये असे विचार आले का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण 27. मग सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. त्यांत बालपणाचा उत्खनन-उद्योग नव्हता. दिवसभरात काय केले आणि तेव्हा कसे वाटले याची नोंद, सोडून दिलेल्या कामांतले एखादे छोटे काम पुन्हा धरणे, पुढच्या खेपेला त्याचे काय झाले ते बोलणे, अडले असेल तर का अडले ते शोधणे. बागायतीत जाणे बंद केलेला माणूस आधी अंगणापर्यंत जातो, मग कुंपणापर्यंत. तीन महिन्यांनी हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांत 39 टक्के. आणखी एक तपशील मोठ्या आकड्यांखाली दबून जातो. समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, आणि ते एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकून गुण देत. आपण कुठे घाई केली, कुठे सल्ला फेकला, कुठे ऐकलेच नाही, हे त्यांना सहकाऱ्यांकडून ऐकावे लागे. म्हणजे गुण आला तो ठरवून दिलेल्या कामाने, परत परत भेटण्याने आणि समुपदेशकावरही कुणाचे तरी लक्ष असल्याने. समुपदेशक कुठल्या गावचा, हा मुद्दा त्यानंतरचा. आणि या तिन्ही गोष्टी तारेवरून जाऊ शकतात का, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे.

तो तपासला गेला आहे. अमेरिकेत डेव्हिड मोर यांनी 325 नैराश्यग्रस्तांवर केलेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला; निम्म्यांना फोनवर उपचार, निम्म्यांना समोरासमोर. फोनवाल्यांतून उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 21 टक्के होते, समोरासमोर बसणाऱ्यांत सुमारे 33. उपचार संपले तेव्हा दोघांचा गुण सारखा होता. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोर बसलेल्यांची प्रकृती थोडी अधिक टिकून राहिली. 2019 मध्ये पिम कुइपर्स यांनी 155 चाचण्या एकत्र तपासल्या. प्रत्यक्ष भेट, गट, फोन, किंवा मार्गदर्शकाच्या मदतीने घरी करायचा अभ्यास, यांत ठळक फरक सापडला नाही. मागे पडला तो कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय एकट्याने करायचा अभ्यास. पडद्याला दोष द्यायचा असेल तर एवढाच देता येतो: पडद्यापलीकडे माणूस नसेल तर तो लंगडा पडतो. आजकाल खिशात आलेल्या बोलक्या यंत्रांवर दुःख ओतणाऱ्यांनी आणि ओतायला लावणाऱ्यांनी हा निष्कर्ष डोळ्यांआड करू नये.

‘पण समोर माणूस बसलेला असतो तेव्हा त्याच्या नजरेत, हाताच्या स्पर्शात जे असते ते फोनमध्ये कुठून येणार?’ हा आक्षेप भावनेचा असला तरी उडवून लावण्यासारखा नाही. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे: झोपेत कोसळणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात रोखून उभा असलेला पुरुष. पाहणाऱ्याला वाटते की त्या हातांतूनच काही शक्ती निघते आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये नेमके उलटे सांगितले होते. मोहनिद्रा घडवणाऱ्याच्या शरीरातून कसलाही चुंबकीय प्रवाह वाहत नाही. जे घडते ते निद्रित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या अपेक्षेने आणि एकाग्रतेने. शिल्प देखणे आहे, पण ज्या समजुतीला फारियांनी नकार दिला तीच ते उभी करते. समुपदेशनाची विद्या अंतराने पातळ होत नाही याचे घरचे उदाहरणही आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती न्यूयॉर्कशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठी समाजात रुजवली. टपालाच्या गतीने चाललेला तो संवाद वरवरचा होता असे कुणी म्हणणार नाही.

आघाताच्या बाबतीत सावधपणा हवा. अपघात, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, जवळच्या माणसाची आत्महत्या यांतून गेलेल्याला पडद्यावर ‘सगळे सांग’ म्हणून मोकळे होणे हे समुपदेशन नव्हे. बोलणे संपल्यावर फोन बंद होतो आणि माणूस त्याच खोलीत एकटा उरतो. तरीही पुरावा उत्साह वाढवणारा आहे. क्रिस्टीन क्नेवल्सरूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुख्यतः इराकमधल्या, युद्ध आणि हिंसा सोसलेल्या 159 अरबीभाषकांसाठी केवळ इंटरनेटवरून लेखनाधारित उपचार चालवला. रुग्ण घडलेल्या प्रसंगाविषयी ठरलेल्या क्रमाने लिहीत, समुपदेशक वाचून उत्तर देत. दोघांची भेट कधीच होत नसे. त्यातही आघाताची लक्षणे लक्षणीय कमी झाली. ज्या समाजात अत्याचाराचा उच्चारही बाईच्या अंगावर उलटतो तिथे चेहरा न दिसणे हीच सवलत ठरते. हे गोव्यालाही लागू पडते. डिचोलीत खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकमालकांची कर्जे थकली. पेडण्यात मोपाच्या विमानतळाने जमिनीचे भाव आणि भावाभावांमधले वाद दोन्ही चढवले. अशा ताणाला आघात म्हणायचे की नाही यावर तज्ज्ञ वाद घालोत. पण कर्जबाजारी माणूस ज्याचे देणे लागतो त्याच्याच मेहुण्यासमोर बसून रडू शकत नाही, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

अनोळख्याची गरज सगळ्यात तीव्र होते ती ओळखीच्या प्रश्नात. आपल्याला मुलीऐवजी मुलगा आवडतो, किंवा जन्माने मिळालेले शरीर आपले वाटत नाही, हे सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा उच्चारायचे असते तेव्हा गावातला सर्वांत प्रेमळ मास्तरही त्याला चालत नाही. मास्तर वाईट असतो म्हणून नव्हे. तो उद्याही दिसणार असतो म्हणून. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि या विषयावर सातत्याने मराठीत लिहिले. संस्थेच्या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येई. भाषा इथे सोयीपुरती नसते. स्वतःबद्दलचे सत्य इंग्रजीत सांगता येते, पण आईला ते कसे सांगायचे हा सराव मराठीत किंवा कोंकणीतच करावा लागतो. 2018 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून संमतीचे समलिंगी संबंध वगळले, तरी मुलाला ‘सुधारून’ देण्याचा धंदा थांबला नव्हता. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी असे ‘परिवर्तन उपचार’ बंद करण्याचे आदेश दिले. त्याआधी हा विषय समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बैठक केली होती. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे सांगायचे कारण असे की ज्या फोनवरून पुण्या-मुंबईतला समजूतदार समुपदेशक पार्सेत पोचतो, त्याच फोनवरून ‘एकवीस दिवसांत स्वभाव बदला’ म्हणणारा भोंदूही पोचतो. घाड्याला निदान आजूबाजूची चार गावे ओळखतात. याला कुणीच ओळखत नाही.

म्हणून पुढचा आक्षेप मला सर्वांत पटतो: पलीकडचा माणूस कोण, हे कुणी तपासायचे? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वसन परिषदेकडे होते. पण ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो, अशी स्थिती बराच काळ राहिली. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा 2021 चा कायदा या क्षेत्राला चौकट देऊ पाहतो, पण ती प्रत्यक्षात उभी राहायला वेळ लागणार. गुप्ततेचेही तसेच. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या साखळीच्या नोंदी चोरीला गेल्या आणि 2020 मध्ये हजारो रुग्णांना थेट धमकीचे ईमेल आले: पैसे द्या, नाहीतर तुमचे गुपित जगजाहीर. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या बड्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना पुरवल्याच्या आरोपावरून 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. गाव बोलते ते म्हापशापर्यंत. कंपनीच्या नोंदी कुठवर जातील याला धरबंध नाही. त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी काय, तुमच्या कामावर देखरेख कोण करते, नोंदी कुठे राहतात, हे तीन प्रश्न विचारल्यावर जो समुपदेशक चिडतो त्याच्याशी पुढे बोलू नये.

घरच्या चार भिंतींचा आक्षेप वेगळा आहे आणि त्याला सिद्धान्ताने उत्तर देता येत नाही. गाव टळले तरी घर टळत नाही. फोन नवऱ्याचा, खोली सगळ्यांची, पडवीत सासू. मारहाण करणारा पलीकडच्या खोलीत. अनुभवी समुपदेशक म्हणूनच पहिला प्रश्न ‘काय झाले?’ असा विचारत नाहीत. ‘आता बोलता येईल का?’ असा विचारतात आणि फक्त हो-नाही उत्तर पुरेल असे पुढचे प्रश्न ठेवतात. पण खरा उपाय वेगळा आहे. आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासायला गेलेल्या बाईला दार लावता येईल अशी एक खोली आणि एक फोन मिळाला, तर तिथे ती कशासाठी गेली हे कुणाला कळायचे कारण नाही. जवळची जागा आणि लांबचा माणूस, ही जोडी मला दोन्ही टोकांपेक्षा शहाणपणाची वाटते. समुपदेशकाचा पगार आणि इंटरनेट यांवर बोलणारे खूप आहेत. त्या दाराच्या कडीवर कुणी बोलत नाही.

आणीबाणीच्या वेळी लांबचा माणूस काय करणार, हा शेवटचा मोठा आक्षेप. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली (वर आलेल्या गोव्याच्या ‘मानस’ प्रयोगाशी तिचे फक्त नावाचे साम्य आहे). 14416 हा क्रमांक फिरवून भाषा निवडली की राज्याच्या केंद्रातला समुपदेशक बोलतो. गरज असेल तर फोन तज्ज्ञाकडे जातो आणि तिथून प्रत्यक्ष रुग्णालयाकडे पाठवण्याची सोय आहे. इथे माझ्या मुद्द्याची कसोटी लागते. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरचा सल्ला निनावी असू शकत नाही. डॉक्टर आणि रुग्ण दोघांना एकमेकांची ओळख हवी. औषध लिहून द्यायचे तर ते रास्तच आहे. आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्याचे गाव माहीत नसेल तर त्याच्याकडे मदत तरी कुठे पाठवायची? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही गुप्ततेचा हक्क देतो आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद ठेवतो. म्हणजे निनावी राहण्याचा हक्क सुरुवातीपुरताच खरा आहे. दुखणे जितके गंभीर, तितके नाव, गाव आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबर सांगणे अटळ. चांगली सेवा हे आधीच, सोप्या शब्दांत सांगते आणि कुणाचा नंबर द्यायचा हे बोलणाऱ्यालाच ठरवू देते. कुणी बहिणीचा देईल, कुणी मुंबईतल्या मित्राचा, कुणी त्या प्रेमळ मास्तरांचाही.

मग ‘हे सगळे सरकारला पळवाट देण्यासारखे नाही का?’ असे कुणी विचारील. फोन आला, आता पेडण्याला मानसोपचारतज्ज्ञ कशाला, असा युक्तिवाद उद्या कागदावर येऊ शकतो हे खरे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांबाबत 70 टक्क्यांहून अधिक लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. ही दरी नुसत्या फोनने बुजणारी नाही. पण ‘संगत’च्या प्रयोगांनी जे दाखवले ते या युक्तिवादाच्या विरोधातच जाते. तिथे गुण आला तो आरोग्य केंद्राच्या आत, डॉक्टर आणि समुपदेशक एकमेकांशी बोलत असताना. फोनवरच्या समुपदेशकालाही तोच आधार लागतो: पार्सेतून आलेला फोन संपल्यावर त्याला तुये किंवा पेडण्याच्या आरोग्य केंद्रातल्या कुणाला तरी कळवता आले पाहिजे, आणि तिकडून परत ‘तो माणूस आला होता’ असे उत्तर यायला हवे. ते उत्तर देणारी व्यक्ती आरोग्य केंद्रात नेमलेली नसेल, तर 14416 हा नुसता एक क्रमांक आहे.